पानं मोजा, मग पैसे मोजा!

'जुनं ते सोनं' ही म्हण ज्यानं काढली त्यानं सोनाराचं दुकान पाहिलं असेल, रद्दीचं नाही. रद्दीच्या दुकानात जुनं म्हणजे निव्वळ जुनं. गेल्या महिन्याचे पेपर, के.टी. सुटल्यावर विकायला काढलेलं मेकॅनिक्सचं पुस्तक आणि चाळीस वर्षांपूर्वीचा वेताळाचा अंक... तिघांनाही एकच काटा आणि एकच भाव! उलट ऑनलाइन बघावं तर तोच वेताळ 'दुर्मिळ! अतिदुर्मिळ!' अशी पाटी गळ्यात अडकवून हजारांच्या भावात उभा असतो. मित्रांनो, खरी किंमत या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती शोधायची एक रीत आहे. ती रीत काय आहे, आणि मराठी कॉमिक्सला ती जशीच्या तशी लावली की काय घोटाळा होतो, एवढंच मला इथं मांडायचं आहे.

मी यात का पडलो ते आधी सांगतो. माझं आजोळ मुरगूड. कागल तालुक्यातलं, निपाणी-राधानगरी रस्त्यावरचं, वेदगंगेकाठचं गाव. तिथं मामांच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. मामा शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ओसरीवर दोरी बांधून कॉमिक्स लटकवायचे आणि गल्लीतल्या पोरांना दहा पैसे रोजानं वाचायला द्यायचे. त्या 'वाचनालया'चा उरलेला साठा त्या पेटीत होता, एकूण ५८ अंक. गेल्या वर्षी जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधायचं ठरलं आणि पेटीचं काय करायचं हा प्रश्न आला. मामी म्हणाल्या, रद्दीत घाला. मामा काहीच बोलले नाहीत. (मामा काही बोलत नाहीत तेव्हा त्यांना खूप काही बोलायचं असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.)

पेटीत बहुतेक इंद्रजाल कॉमिक्स होते. आजच्या ज्युनिअर मंडळींसाठी थोडा इतिहास. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या बेनेट, कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. सुरुवातीचे ३२ अंक सगळे फँटमचे, म्हणजे ली फॉकनं १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात जन्माला घातलेल्या बुरखेधारी नायकाचे. मराठीत तो आला आणि त्याचा 'वेताळ' झाला. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी 'बहादूर' हा अस्सल देशी नायक दिला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत ते वाचले जायचे. दुसरीकडे १९६७ पासून अनंत पैंची 'अमर चित्र कथा' होती. तिचेही काही मराठी अंक पेटीत निघाले.

तर गावात कुणाकडून तरी कळून एक गृहस्थ पेटी बघायला आले. जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करणारे. त्यांनी अंक पत्त्यांसारखे पिसले, वरून चकाचक दिसणारे सहा बाजूला काढले आणि बाकीचे ५२ 'कंडिशन नाही' म्हणून किलोवर मागितले. वर सल्लाही दिला : "आतली नावं खोडरबरानं पुसा, कडा मारून घ्या प्रेसमध्ये, मग बघू." मामांनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. पण 'कंडिशन' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. कंडिशन म्हणजे नक्की काय? ती मोजता येते का? आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. मोजता येत नाही म्हटलं की आपल्याला झोप लागत नाही. (सबमिशनच्या आदल्या रात्री लागते, तो भाग वेगळा.)

मोजायची रीत अमेरिकेत तयार झाली. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचं कॉमिक्सच्या भावांचं पुस्तक १९७० मध्ये निघालं आणि कुठल्या अवस्थेतल्या अंकाला काय भाव, हे छापून मिळू लागलं. २००० सालापासून सी.जी.सी. नावाची कंपनी अंक तपासून त्याला ०.५ ते १० पर्यंत गुण देते आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचा बंद करून देते. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक १ मूळचा दहा सेंटचा. त्याची ८.५ गुणांची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली. असले आकडे ऐकले की आपल्याकडेही प्रत्येकाला माळ्यावर खजिना दिसायला लागतो. पण तो भाव नुसत्या जुनेपणाचा नाही. अंक कोणता, तो कोणत्या अवस्थेत आहे आणि तो हवा असलेले किती लोक पैसे घेऊन उभे आहेत, या तीन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांमधून तो भाव ठरतो. आपण या तिन्हींची खिचडी करतो. ती आधी निवडू या.

पहिला प्रश्न, अंक कोणता? क्रमांक, तारीख, छापील किंमत आणि भाषा या चार गोष्टी आधी लिहून काढायच्या. यात सापळे आहेत. इंद्रजालचे अंक आधी सलग क्रमांकानं निघत, १९८० च्या दशकात त्यावर खंड आणि अंक असं यायला लागलं. त्यामुळं 'अंक ५' दिसला म्हणून तो १९६४ चा समजू नये. अमर चित्र कथेत 'कृष्ण'चा क्रमांक ११ आहे, कारण आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांना गेले होते. शिवाय या मालिकेतले अंक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापले गेले. शीर्षक आणि चित्र तेच असलं तरी छापील किंमत आणि मलपृष्ठावरची यादी बघितली की ती प्रत पहिली की विसावी याचा अंदाज येतो. ज्याला पहिली आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यातला फरक सांगता येत नाही, त्यानं 'दुर्मिळ' हा शब्द वापरू नये!

दुसरा प्रश्न, अवस्था. माझी मामेबहीण आणि मी दोन दिवस याच कामाला बसलो. तीही सायन्सची. साहित्य काय, तर एक स्टीलची पट्टी, एक भिंग, एक कोरा पांढरा कागद आणि खिडकीतला उजेड. हात साबणानं धुऊन कोरडे केलेले आणि टेबलावर चहा नाही. रीत अशी ठरवली की दोघांनी वेगवेगळं तपासायचं, वेगळ्या वहीत लिहायचं आणि शेवटी वह्या जुळवायच्या. लॅबमध्ये आपण रीडिंग कॉपी करतो, तसं इथं करायचं नाही.

सगळ्यात आधी पानं मोजायची. कॉमिक म्हणजे मधोमध घडी घालून पिना मारलेले कागद. एका कागदाची चार पानं होतात, म्हणजे आतली ३२ पानं असतील तर कागद आठ. एखादं पान फाडलं गेलं असेल तर त्याच कागदाचं दुसरं अर्ध पिनेपाशी लुळं पडलेलं असतं. आणि पिनांतून सुटून मधला अख्खा कागदच गेला असेल तर वरून काहीही कळत नाही. मग कोडी आणि कुपनं कापली आहेत का ते बघायचं. लहानपणी सगळेच कापायचे आणि कापलेल्या चौकोनाच्या मागच्या पानावर नेमका वेताळाचा ठोसा असतो!

मग कणा. वारंवार उघडून कण्यावर आडव्या बारीक रेषा पडतात. रेष नुसती दाबाची आहे की तिथला रंग उडून पांढरं दिसतंय, हे तिरप्या उजेडात कळतं. मग पिना. मुरगुडात जूनमध्ये पाऊस लागला की कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथं पिनांची काय कथा. बहुतेक पिना गंजलेल्या होत्या. गंज नुसता पिनेवर असेल तर एक वेळ ठीक, पण तो कागदात उतरला की त्या जागी कागद कुजून भोक पडतं. मग कागदाचा रंग. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं. त्याचं ऑक्सिडेशन होऊन कागद पिवळा पडतो आणि आम्लामुळं तंतू तुटत जाऊन शेवटी ठिसूळ होतो. पांढरा कागद शेजारी धरला की पान पांढरं, दुधी, पिवळसर की तपकिरी ते ठरवता येतं. कोपरा दुमडून ठिसूळपणा बघायचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्या चाचणीत नमुनाच तुटतो. डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग आपल्या लॅबमध्ये शोभतं, इथं नाही.

शेवटी लबाडी तपासायची. रंग उडालेल्या जागी कुणी स्केचपेन फिरवलं असेल तर भिंगाखाली कळतं. छपाईचा रंग ठिपक्यांचा असतो, पेनाचा सलग. कडा कापल्या असतील तर अंक वरून नवा दिसतो, पण पट्टीनं मोजला की त्याच काळातल्या दुसऱ्या अंकापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी भरतो. म्हणजे त्या गृहस्थांचा 'कडा मारून घ्या' हा सल्ला अंक सुधारण्याचा नव्हता. अंकाचं नुकसान करून ते लपवण्याचा होता. चिकटपट्टीचंही तेच. फाटलेलं जोडायला लावलेली पट्टी काही वर्षांनी तेलकट डाग सोडते आणि मूळ फाटण्यापेक्षा जास्त जागा खराब करते.

आता निकाल ऐका. ५८ पैकी ३७ अंक मुखपृष्ठासकट पूर्ण निघाले. आठ अंकांना मुखपृष्ठ नव्हतं, पण आतली सगळी पानं शाबूत होती. तेरा अंकांत आतली पानं कमी होती. आणि त्या गृहस्थांनी बाजूला काढलेले सहा चकाचक अंक? त्यातल्या दोन अंकांचा मधला कागदच गायब होता! म्हणजे 'कंडिशन' बघणाऱ्या जाणकारानं पानं मोजलीच नव्हती. माझी आणि बहिणीची वही जुळवली तेव्हा आणखी एक गंमत कळली. पानांच्या मोजणीत आमचा एकाही अंकात फरक नव्हता. 'चांगला' की 'बरा' या शेऱ्यात मात्र अकरा अंकांत फरक पडला. म्हणजे पूर्णता हे मोजमाप आहे आणि चकाकी हे बरंचसं मत आहे.

माझा मुद्दा इथंच आहे. अमेरिकन गुणपद्धतीला माझा विरोध नाही. शिस्त म्हणून ती उत्तमच आहे. पण ती जिथं घडली तिथं अंक लाखांनी छापले गेले, छापील याद्या निघाल्या, जमा करणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं जपून ठेवले. अशा ठिकाणी ९.२ आणि ९.४ मधला फरक काढण्यात अर्थ आहे. आपल्याकडे मराठी कॉमिक वाचण्यासाठीच घेतलं गेलं. एका अंकावर सगळी गल्ली वाचायची. नंतर तो रद्दीत गेला, बंबात गेला, नाहीतर पुरात गेला. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडं घराघरांतून काय काय वाहून गेलं, ते इथं ज्याचं त्याला माहीत आहे. अशा ठिकाणी उरलेल्या अंकाला पहिला प्रश्न 'चमकतो का?' असा विचारणं चुकीचं आहे. पहिला प्रश्न 'पुरा आहे का?' हाच हवा. मुखपृष्ठ फाटलेला पण पानं पुरी असलेला मराठी अंक, चकाचक पण मधला कागद गेलेल्या अंकाच्या वरच ठेवला पाहिजे. कारण पहिला वाचता येतो. त्यातली मराठी, त्यातलं अक्षरलेखन, त्या काळच्या जाहिराती सगळं जागेवर असतं.

आता पुसायला सांगितलेल्या नावांबद्दल. मामांच्या अंकांच्या आतल्या बाजूला अंक नेणाऱ्या पोरांची नावं आणि तारखा आहेत, शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या. एका अंकावर तर बारा नावं आहेत. गुणपद्धतीच्या हिशोबानं हे नुकसान, आणि ते तसंच लिहिलं पाहिजे. त्यात भावनेला जागा नाही. पण त्याच नोंदीखाली हेही लिहिलं पाहिजे, की हा अंक मुरगुडात एका सुट्टीत बारा घरं फिरला. मराठी पोरं वेताळ कशी वाचत होती याचा लेखी पुरावा आणखी कुठं मिळणार? खोडरबर फिरवला की गुणही फारसे वाढत नाहीत, वर पुरावाही जातो. म्हणून माझं सांगणं, नोंद दोन्ही करा, पुसू काहीच नका.

तिसरा प्रश्न मागणीचा, आणि इथं माझ्या मित्राचा आक्षेप येतो. तो म्हणतो, "लेका, हे सगळं मासिकात छापायला ठीक आहे. बाजार गुणांवर चालतो, बारा नावांवर नाही." बरोबर आहे त्याचं. घराला सिमेंट लागतं, आठवणी कालवून स्लॅब पडत नाही. पण मागणी मोजायचीही रीत आहे. विकणाऱ्यानं मागितलेला आकडा म्हणजे किंमत नव्हे. प्रत्यक्षात सौदा कितीला झाला तो आकडा बघायचा. दुर्मिळ असणं वेगळं आणि हवंसं असणं वेगळं. माझी फर्स्ट इयरची जर्नलही जगात एकच आहे, म्हणून ती कोण विकत घेणार? वेताळासाठी पैसे मोजणारी पिढी आज पन्नाशी-साठीची आहे. ती नंतर राहणार नाही, तेव्हा भाव वाढतच जाईल असं गृहीत धरून माळा भरून ठेवणं हीसुद्धा अंधश्रद्धाच.

मामांनी शेवटी तोंड उघडलं ते असं : "इकायचं आसंल तर इका. पर फाटकं पान कुठलं, त्ये आदी सांगून इका." तसंच केलं. ५८ मध्ये नऊ अंक दुबार होते. त्या नऊ अंकांच्या दुसऱ्या प्रती काढल्या, प्रत्येकीबरोबर दोषांची चिठ्ठी लावली. निपाणीच्या एका निवृत्त शिक्षकांनी त्या सगळ्या घेतल्या. म्हणाले, पहिल्यांदाच कुणीतरी काय नाही ते आधी सांगितलं, त्यामुळं भाव करायला सोपं गेलं. आलेल्या पैशांत मामींच्या शिलाई मशीनची दुरुस्ती झाली आणि उरलेल्या ४९ अंकांसाठी नवी पेटी आली. माळ्यावरच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, हे आपण केमिस्ट्रीत शिकलोय. म्हणून पेटी आता खाली, आतल्या भिंतीला न टेकवता, फळीवर आहे. पी.व्ही.सी.च्या पिशव्या वापरल्या नाहीत, त्यातून आम्ल सुटतं. पॉलिप्रॉपिलीनच्या घेतल्या. वर्षातून एकदा, पाऊस संपून ऊन पडलं की, सावलीत हवा द्यायची.

आणि यादी केली. खरं मोल त्या यादीचं आहे असं माझं मत झालंय. कोणता अंक, किती पानं, काय दोष, कुणाच्या हातून गेला. अशा शंभर घरांच्या याद्या जुळल्या तर मराठी कॉमिक्सची कुठली पानं अजून जिवंत आहेत आणि कुठली कुठंच उरली नाहीत, हे कळेल. अंक स्कॅन करून वाटा असं मी म्हणत नाही, तिथं स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. पण यादी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

दिवाळीत हॉस्टेल रिकामं होईल. घरी साफसफाई निघेल, माळे खाली उतरतील आणि 'हे टाकायचं का रे?' असं कुणीतरी विचारेल. आमच्या स्टाफपैकीही बऱ्याच जणांच्या घरी एखादी तरी पेटी असणार, सर लोक कबूल करोत न करोत! उत्तर द्यायच्या आधी अर्धा तास काढा. हात धुवा, मधली पिन शोधा आणि पानं मोजा. ठेवायचं की विकायचं ते त्यानंतर ठरवा. पण मोजल्याशिवाय काट्यावर ठेवू नका.